रस्ता बंद आहे की हळू चाललाय?

गोव्यातल्या कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांतून पाहुणे घ्यायचे आणि वेळेत दाबोळी विमानतळावर पोचवायचे, हे आमच्या कंपनीचं काम. मी वाहतूक विभागात आहे. बस वाटेत असताना रस्त्यावर काय चाललंय ते ड्रायव्हर मला कळवतात आणि मी ते इंग्रजीत टूर प्रतिनिधीला कळवते. हिवाळ्यात ब्रिटिश चार्टरचे, म्हणजे टूर कंपनीने भाड्याने घेतलेल्या खास विमानांचे, पाहुणे जास्त, त्यामुळे प्रतिनिधीही बहुधा ब्रिटिशच असते. आमचे ड्रायव्हर पेडणे, डिचोली, सत्तरीकडचे. बोलणं कोकणी-मराठीत, पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे निरोप इंग्रजीत टाकायचे असा नियम, कारण प्रतिनिधीही ते वाचते.

ही गोष्ट विमानतळाच्या वाटेवर, आगशी आणि कुठ्ठाळीच्या मध्ये जुवारी नदीवर एकच पूल होता तेव्हाची. १९८३ साली सुरू झालेला तो जुना पूल दोन पदरी होता, एक पदर जायला आणि एक यायला. कडेला गाडी घ्यायला जागाच नाही. त्यावर एखादी गाडी बंद पडली की बांबोळीपासून चिखलीपर्यंत सगळ्यांचा दिवस बिघडायचा. डिसेंबरातली दुपार होती. पहिली बस पुलाच्या अलीकडे आगशीच्या जवळ पोचली होती, दुसरी अजून कांदोळीत पाहुणे घेत होती. तेवढ्यात पुलाच्या तोंडाशी असलेल्या आमच्या एका तरुण ड्रायव्हरचा निरोप ग्रुपवर आला: ‘रोड क्लोज्ड.’

प्रतिनिधीने लगेच फोन केला. पहिली बस मागे फिरवा आणि दोन्ही बस नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बोरी पुलावरून न्या, असं तिचं म्हणणं. तिचं बरोबरच होतं. ‘रोड क्लोज्ड’ याचा इंग्रजी माणसाला कळणारा अर्थ एकच: रस्ता बंद केलेला आहे, तिथून कुणालाच सोडत नाहीत. पण आगशीहून फिरायचं म्हणजे परत पणजीच्या दिशेने, मग जुने गोवे, बाणस्तारी, फोंडा, बोरी, लोटली, वेर्णा आणि तिथून दाबोळी. भरलेल्या बसला ते झेपलं असतं, विमानाच्या वेळेला झेपलं नसतं. चार्टरचं विमान चुकलं की दुसऱ्या दिवशी त्याच कंपनीचं विमान मिळेलच असं नसतं, आणि त्या बसमध्ये म्हातारी माणसं होती.

मी त्या मुलाला फोन लावला आणि इंग्रजी बाजूला ठेवून विचारलं, “तुझ्या पुढची गाडी हलते का रे?”

“हलते गो बाय. थोडी हलते, परत थांबते.”

“समोरून गाड्या येतात?”

“येतात. त्यांना सोडलं की मग आम्हाला सोडतात. पोलीस उभे आहेत. टेंपोचा अ‍ॅक्सल तुटलाय.”

म्हणजे रस्ता बंद नव्हता. एक पदर अडलेला होता आणि दुसऱ्या पदरावरून दोन्ही बाजूंना आळीपाळीने सोडत होते. मी प्रतिनिधीला कळवलं: ‘वन लेन ब्लॉक्ड ऑन द ब्रिज. ट्रॅफिक इज बीइंग लेट थ्रू इन टर्न्स.’ तिने पहिली बस रांगेतच ठेवली. मग तिने मला जो प्रश्न विचारला, तो त्या दिवसापासून मी प्रत्येक ड्रायव्हरला विचारते: ‘इज इट बिल्डिंग ऑर ईझिंग?’ रांग वाढतेय की ओसरतेय?

रांगेत अडकलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. त्याला पुढचा टायर दिसतो, मागचं शेपूट दिसत नाही. ते दिसतं उलट दिशेने येणाऱ्याला. आमचे आबा, सगळ्यांत जुने ड्रायव्हर, पाहुणे सोडून रिकामी गाडी घेऊन दाबोळीहून परत येत होते. कुठ्ठाळीला तेही थांबले होते, आता पूल ओलांडून आगशीत आले होते. मी म्हटलं, “आबा, आपल्या बाजूची रांग कुठे संपते तेवढं बघून सांगा.” आगशीत बाजारापाशी त्यांनी पहिला फोन केला, तेव्हा रांग तिथून पुढे जात होती. गोवा वेल्ह्याला दुसरा फोन: अजून संपलेली नाही. तिसरा पिलारच्या फाट्याजवळून, “बाय, हांगा शेपटी. पूण गाडयो येत आसात.” शेपूट इथे आहे, पण गाड्या येऊन लागताहेत.

यासाठी इंग्रजांकडे ‘टेलबॅक’ हा नेमका शब्द आहे, आणि तो वापरला की कुठपासून कुठपर्यंत हेही सहसा सांगतात. मी लिहिलं: ‘टेलबॅक फ्रॉम द ब्रिज टू पिलार, अँड बिल्डिंग.’ दुसरी बस तेव्हा पर्वरीला होती. प्रतिनिधीने तिला मांडवी ओलांडल्यावर जुने गोवेमार्गे बोरीकडे वळवलं. पहिली बस जुवारीवरून गेली, दुसरी बोरीवरून. दोन्ही बसचे पाहुणे त्यांच्या विमानात बसले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात, चार्टर बंद असताना, मी ड्रायव्हरांना घेऊन बसले. तो तरुण ड्रायव्हर आळशी किंवा निष्काळजी नव्हता. आपल्याकडे ‘रस्ता बंद’ आणि ‘ट्रॅफिक’ या दोन शब्दांवर सगळं भागतं. ‘ट्रॅफिक लागलं’ म्हटलं की ऐकणाऱ्याला खोळंबा कळतो. इंग्रजीत ट्रॅफिक म्हणजे नुसती रस्त्यावरची वाहनं, ती सुरळीत धावत असली तरी. म्हणून ‘व्हेरी ट्रॅफिक’ म्हणायचं नाही, ‘हेवी ट्रॅफिक’ म्हणायचं. ‘हेवी’ म्हणजे गाड्या भरपूर पण चालत्या, ‘स्लो-मूव्हिंग’ म्हणजे सरकत्या, ‘अ‍ॅट अ स्टॅण्डस्टिल’ म्हणजे ठप्प. ‘ग्रिडलॉक’ हा शब्द १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या वाहतूक संपाच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी झाला. एका चौकाची कोंडी दुसऱ्या चौकाला अडवते आणि चारही बाजू बंद होतात, तेव्हाचा तो शब्द. एका पुलावरच्या रांगेला तो लावू नये. आणि ‘रोड क्लोज्ड’ पोलिसांनी खरंच रस्ता बंद केला असेल तेव्हाच.

मला सगळ्यांत जास्त वेळ लागला तो ड्रायव्हरांची ‘बिफोर द ब्रिज’ लिहायची सवय सोडवायला. पुलाच्या आधी म्हणजे कुठून? पणजीहून येणाऱ्याची आगशी, मडगावहून येणाऱ्याची कुठ्ठाळी. आता आम्ही ‘ऑन द पणजी साइड’ किंवा ‘ऑन द कुठ्ठाळी साइड’ असंच लिहितो. आबांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांच्या मते जाणत्याला जागा कळतेच. पण निरोप वाचणारी बाई परवाच गोव्यात उतरलेली असते.

डिसेंबर २०२२ मध्ये नव्या जुवारी पुलाचा पहिला भाग खुला झाला आणि तो घोर कमी झाला. आता आमचे निरोप जास्त करून पर्वरीचे असतात, तिथे महामार्गावर उड्डाणपुलाचं काम निघालं तेव्हापासून. ‘बिल्डिंग’ की ‘ईझिंग’ हे एका निरोपात कुणालाही सांगता येत नाही, म्हणून रांगेतल्या ड्रायव्हरने दहा मिनिटांनी दुसरा निरोप टाकायचा आणि उलट दिशेने येणाऱ्याने शेपूट दिसेल ती जागा लिहायची, असं आम्ही ठरवलंय. हा दुसरा निरोप अजूनही पुष्कळदा राहून जातो, आणि मग मीच फोन करून विचारते.