४६ की ९२?

सोमवार, रात्री उशिरा

लेक झोपली एकदाची. तिची बायॉलॉजीची वही टेबलावरच राहिलीये, मधल्या पानावर लाल आणि निळ्या लोकरीचे तुकडे सेलोटेपने चिकटवलेत आणि बाजूला मोठ्ठ्या अक्षरात "४६ की ९२???" लिहून त्याला तीन-तीनदा गोल केलाय. ते पान बघितलं आणि म्हटलं आज लिहायचंच, कितीही झोप आली तरी. कारण तीन महिन्यांपूर्वी ह्याच पोरीच्या पेपरात प्रश्नचिन्ह सोडा, धड उत्तरच नव्हतं.

तर तेव्हाचं आधी. चाचणीत २० पैकी ६. मार्कांचं मला काही वाटलं नाही असं लिहिणार होते पण रोजनिशीत कशाला खोटं बोला, वाटलंच. पण त्याहून जास्त लागलं ते हे की तो पेपर मला दप्तराच्या तळाशी चार घड्या घालून कोंबलेला सापडला. आणि मी काय केलं? "बायॉलॉजीत काय अवघड असतं गं, पाठ तर करायचं असतं" असं म्हणून मोकळी झाले. ती काहीच बोलली नाही, नुसती मान खाली. हे वाक्य मला पुढे फार नडलं.

मग ट्यूशन शोधायची मोहीम. पहिले सर खूप नावाजलेले, बॅच मोठी, नोट्स एकदम टापटीप, आणि खरं सांगायचं तर ज्यांना फक्त रिव्हिजन हवी असते त्यांना ते चालतही असतील. पण ही शेवटच्या बाकावर. एक दिवस हिने कधी नव्हे तो हात वर करून विचारलं की झाडं ऑक्सिजन सोडतात तो नक्की कशातून येतो, कार्बन डायऑक्साइडमधून की पाण्यातून, कारण दोघांतही ऑक्सिजन आहेच की. तर सर म्हणाले "आधी समीकरण पाठ कर, मग शंका काढ" आणि बाकीची पोरं हसली. झालं. नंतर महिनाभर ही नुसती जाऊन बसत होती, मला घरी कळलंसुद्धा नाही, आणि मी आपली फी भरून निवांत.

दुसऱ्या एकांशी फोनवरच बोलणं झालं. वीस मिनिटं त्यांच्या टॉपर मुलांची यादी ऐकली, गॅरंटी हा शब्द बहुतेक पाच वेळा, आणि माझी मुलगी कुठल्या धड्यात अडते हे एकदाही विचारलं नाही. नको म्हटलं.

तिसऱ्या मॅडम मात्र खरंच विद्वान आणि स्वभावानेही गोड, पण तासभर त्याच बोलायच्या. मधूनमधून "कळलं?" आणि ही "हो". पोरांना "कळलं का" विचारलं की ती हो-च म्हणतात, आपण नाही का मीटिंगमध्ये मान डोलवत, तसंच. तीन तासांनंतर मी हिला पेशीची आकृती काढायला सांगितली तर एक गोल काढून आत एक ठिपका.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलाला शिकवणाऱ्या ताईंचा नंबर मिळाला. बॉटनीत एमएससी झालेल्या, थोडीच मुलं घेतात, ऑनलाइन शिकवतात. ऑनलाइन म्हटल्यावर माझं तोंड वाकडं झालंच होतं. पण फोन केल्यावर त्यांनी पहिलीच गोष्ट मागितली ती तपासलेला पेपर. "मार्क बघायला नकोय, चुका बघायच्यात" म्हणाल्या, आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचा फोटो. संध्याकाळी त्यांचा परत फोन. म्हणाल्या, "पेपरात चुकीची उत्तरं फक्त दोन आहेत, बाकी सगळं कोरं आहे. हिला येत नाही असं मला वाटत नाही, हिला चुकायची भीती वाटतेय." मी तोच पेपर चार वेळा बघितला होता हो, पण माझी नजर त्या लाल सहावरच. कोऱ्या जागा मला दिसल्याच नव्हत्या.

मग म्हणाल्या एक तास ट्रायल घेऊ, आवडलं नाही तर तिने मला स्वतः नाही म्हणायचं, तुम्ही तिच्या वतीने म्हणायचं नाही. आणि तुम्ही शेजारी बसू नका पण खोलीचं दार उघडं ठेवा. हे मला बरं वाटलं, मी तसंही उघडंच ठेवणार होते, पण समोरच्याने आपणहून सांगावं ह्यात फरक आहे.

ट्रायलच्या दिवशी ही अशी बसलेली की जणू दाताच्या डॉक्टरकडे. ताई म्हणाल्या, "कॅमेरा तोंडावर नको, खाली वहीवर वळव, मला तुझा हात दिसला की पुरे." दोन पुस्तकांवर फोन आडवा ठेवून सोय केली. मला तेव्हा गंमत वाटली, पण दहा मिनिटांत हिचे खांदे सैल झालेले मी दारातून बघितले. कोणी चेहऱ्याकडे टक लावून उत्तराची वाट बघत नाही म्हटल्यावर माणूस विचार करू शकतो बहुतेक.

पहिला प्रश्न काय, तर एवढ्या मोठ्या झाडाचं वजन येतं कुठून? बराच वेळ शांतता. मग ही हळूच म्हणाली, मातीतून. मी मनात, अरे देवा. पण ताई चूक-बरोबर काही बोलल्याच नाहीत, म्हणाल्या "छान, हे तपासायचं कसं?" आणि व्हॅन हेल्माँटची गोष्ट सांगितली. ह्या माणसाने कुंडीत जवळजवळ ९० किलो कोरडी माती तोलून घातली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं ७६ किलोच्या वर, आणि माती किती कमी झाली? साधारण ५७ ग्रॅम. हिचा हात वहीवर थांबला. "फक्त?" म्हणाली. हा तिने त्या तासात आपणहून काढलेला पहिला शब्द.

म्हणजे मातीतून नाही. मग ही म्हणाली, पाण्यातून! तर ताई म्हणतात, "अगदी हेच हेल्माँटला वाटलं. तो गेल्यावर १६४८ मध्ये त्याचं लिखाण छापून आलं त्यात त्याने तेच म्हटलंय. ओल्या झाडात पाणी भरपूर असतं म्हणून अगदीच चूक नाही, पण वाळलेल्या लाकडाचं वजन बघ, त्यातला बहुतेक भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आलेला असतो." झाड हवेतून बनतं ह्यावर माझाच विश्वास बसेना, मी पोळपाट धरून दारात उभी. मुद्दा असा की हिचं उत्तर दोनदा चुकलं आणि दोन्ही वेळा तिला वाटलं की आपण काहीतरी शोधतोय, आणि सोबतीला एक शास्त्रज्ञही चुकलेला.

मग धीर आला असावा, कारण हिने तो जुना ऑक्सिजनचा प्रश्न विचारला. अगदी पुटपुटत, आधीच सॉरी म्हणून. ताई दोन सेकंद गप्प, मग म्हणाल्या "हा तुला स्वतःला पडला?" उत्तर आहे पाण्यातून. १९४१ मध्ये रुबेन आणि कामेन ह्यांनी ऑक्सिजन-१८ म्हणजे जरा जड ऑक्सिजन असलेलं पाणी हिरव्या शैवालाला देऊन बघितलं, तर बाहेर पडणाऱ्या वायूत तो जड ऑक्सिजन सापडला. म्हणजे ज्या प्रश्नावर वर्गात हशा झाला त्यासाठी शास्त्रज्ञांनी प्रयोग मांडले होते. मला त्या सरांचा राग आला, आणि मग "पाठ तर करायचं असतं" वाल्या बाईचाही.

ट्रायल संपल्यावर विचारलं, मग? ती म्हणाली "परवा आहे ना पुढचा?" बस.

आता उगाच ताई म्हणजे देवमाणूस असं लिहायचं नाहीये. त्या कडकही आहेत, फक्त ओरडत नाहीत. "शरीराला ऊर्जा मिळते" असं लिहिलं की लगेच, कुठल्या रूपात? एटीपी लिही (पेशी ज्या रेणूतून ऊर्जा वापरते तो). आकृतीतली नावाची रेघ भागाला टेकली नाही की परत काढ. आणि पाठांतर अजिबात नको वगैरे म्हणणाऱ्यातल्याही त्या नाहीत, नावं तर लक्षात ठेवावीच लागतात. फक्त पद्धत वेगळी. वही बंद करायची, आठवेल तेवढी आकृती काढायची, मग पुस्तक उघडून राहिलेलं हिरव्या पेनने भरायचं, दोन दिवसांनी परत, आठवड्याने परत. हिरवं कमी होत गेलं पाहिजे एवढंच. लाल पेन मुद्दाम नाही.

आणि ओरडा मीच खाल्ला. तिसऱ्या का चौथ्या तासाला हृदयाची आकृती चालू होती, ताईंनी विचारलं डावी बाजू कुठली, ही अडखळली, मी दारातून अगदी उत्साहाने "अगं डावीकडची!" तास संपल्यावर मेसेज आला. एक, उत्तर चुकलं, आकृतीतलं हृदय समोर उभ्या माणसाचं असतं, म्हणून त्याची डावी बाजू कागदावर आपल्या उजव्या हाताला येते. दोन, तिला उत्तराआधी दहा-एक सेकंद शांतता लागते, ती प्लीज भरू नका. नवरा दिवसभर हसत होता. मी आता तासाच्या वेळी स्वयंपाकघरातच असते.

ह्या वहीतल्या लोकरीचं राहिलंच. पेशीविभाजनाला हिला कायम घाम फुटायचा कारण पुस्तकात एका ठिकाणी गुणसूत्रं ४६, मग ती दुप्पट होतात म्हणतात, तरी आकडा ४६ च, आणि मग दोन पेशींत वाटून परत ४६-४६. हे कसलं गणित? मलाही नव्हतं कळलं, मी शाळेत पाठ केलेलं. ताईंनी लोकर आणायला लावली. लाल धागे आईकडचे, निळे बाबांकडचे, एक लांब जोडी आणि एक आखूड जोडी, चारच गुणसूत्रं, ४६ चा पसारा नको. आता प्रत्येक धाग्याची कॉपी कर आणि दोन्ही मध्ये एकत्र गाठ मारून बांध. "आता मोज." ही म्हणाली आठ. "धागे नको मोजूस, गाठी मोज." चार. चारच! धागे आठ, गाठी चार. ही तिथेच ओरडली, "म्हणजे गाठ सुटेपर्यंत ते एकच धरायचं!" त्या गाठीला सेंट्रोमिअर म्हणतात आणि जोडीतल्या एकेका धाग्याला क्रोमॅटिड. म्हणजे माणसाच्या पेशीत विभाजनाआधी धागे ९२ पण गाठी ४६, म्हणून गुणसूत्रं ४६. विभाजनाच्या मध्यावस्थेत गाठी अजून बांधलेल्याच असतात, पुढच्या पश्चावस्थेत त्या सुटल्या की क्षणभर एकाच पेशीत ९२ होतात आणि ४६-४६ दोन टोकांना जातात.

मग अर्धगुणसूत्री विभाजन, म्हणजे ज्यात गुणसूत्रं निम्मी होतात ते, तिने स्वतःच टेबलावर मांडलं. पहिल्या फेरीत गाठ सुटत नाही, लाल एकीकडे निळा एकीकडे, दुसऱ्या फेरीत गाठ सुटते. "म्हणून २३!" असं म्हणून मला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत नेलं दाखवायला. मला खरं सांगू, अर्धं कळलं. पण तिचा तो चेहरा.

गुरुवार

चाचणीचा पेपर मिळाला. २० पैकी १२. दप्तराच्या तळाशी नाही, फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलाय, तिनेच. एकही जागा कोरी नाही. चार उत्तरं चुकली, त्यातलं एक तर इतक्या आत्मविश्वासाने चुकलंय की अर्धं पान भरलंय. ताईंना फोटो पाठवला तर त्या म्हणाल्या, "ह्या अर्ध्या पानावर पुढचा अख्खा तास होईल, मस्त." चुकलेल्या उत्तराला मस्त म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. १२ म्हणजे काही फार नाही, नवऱ्याने तसं बोलूनही दाखवलं, मी त्याला डोळे वटारले. मला स्वतःला १५ ची आशा होती हे इथेच राहू दे.

काल रात्री लाल रक्तपेशीत केंद्रक नसतं तरी ती १२० दिवस जगते कशी, असं मला विचारत होती. म्हटलं ताईंना विचार. "विचारलं, त्यांनी थोडं सांगितलं आणि बाकीचं बघून उद्या सांगते म्हणाल्या." मी जरा दचकले, शिकवणारीला सगळं यायला नको का? पण आज सकाळी आठला त्यांचा व्हॉइस मेसेज, पाच मिनिटांचा. हिने दात घासता घासता ऐकला आणि तसंच फेसाळ तोंडाने मला समजावत बसली की पेशी पक्व व्हायच्या आधीच प्रथिनं तयार करून ठेवते, केंद्रक बाहेर टाकते आणि मग त्याच शिदोरीवर दिवस काढते, नवीन काही करता येत नाही म्हणून शेवटी झिजते. बस चुकता चुकता राहिली.

आत्ता सोफा झटकताना उशीखाली लोकरीचे दोन लाल तुकडे मिळाले, मध्ये गाठ मारलेले. घरभर सापडताहेत हल्ली, काल वॉशिंग मशीनच्या जाळीत निळे. "फेकू का गं हे?" म्हणून ओरडले तर आतून आवाज आला, "आई नको, त्यांची अजून मध्यावस्था चालू आहे!"