पाच किलोचं वजन

नाशिकच्या भांडी बाजारात दुकान असलं की गिऱ्हाईक काय मागेल याचा नेम नसतो. कुणाला मोदकपात्राचं नुसतं झाकण हवं असतं, कुणाला आजीच्या बंबाची तोटी. पण त्या शनिवारी तीन कॉलेजची पोरं आली आणि म्हणाली, "काका, आइस्क्रीमचा पॉट आहे? बिघडलेला असला तरी चालेल. पळायचंय."

"घेऊन पळायचंय?"

"नाही नाही, पैसे देऊन पळायचंय," त्यातली मुलगी म्हणाली आणि तिने मोबाइल पुढे केला.

'स्टार वॉर्स'मधला 1980 सालचा सिनेमा, 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'. ढगांत तरंगणारं शहर, शत्रूचा ताबा आलेला, निघून जा अशी घोषणा झालेली, सगळीकडे पळापळ. त्यात नारिंगी कपड्यातला एक माणूस पांढरट डबा कवेत धरून धावत जातो. संपलं. मला तेव्हा शिंक आली असती तर तो दिसलाच नसता.

तिने परत लावून चित्र थांबवलं. म्हटलं, "अरे, हा तर घरगुती पॉट!"

तिघांचे चेहरे असे फुलले, जणू मी बोर्डात आलो.

मग कळलं की या बिनसंवादाच्या माणसाला विलरो हूड हे नाव मागाहून, 1990 च्या दशकात, पत्त्यांच्या एका खेळातून मिळालं. परदेशात चाहत्यांच्या मेळाव्यांत लोक नारिंगी कपडे घालून, पॉट घेऊन घोळक्याने धावतात. या तिघांना तेच रविवारी सकाळी गोदाकाठी करायचं होतं. मला यात वेडेपणा दिसला नाही. आपल्याकडे रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारतातच की.

मी माळ्यावर शिडी लावली आणि खाली काउंटरवर भांडण जुंपलं. चष्मेवाल्याचं म्हणणं, डब्यात बंडखोरांच्या माणसांची यादी आहे, ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तो पळतोय. पुस्तकी माहितीही तशीच आहे म्हणे. दुसरा म्हणाला, 2019 मध्ये आलेल्या 'द मॅन्डलोरियन' मालिकेत असाच डबा तिजोरी म्हणून दाखवलाय, त्याला कॅमटोनो म्हणतात. म्हणजे हा माल घेऊन पळतोय. मुलीचं तिसरंच. तो वायूच्या खाणीतला साधा कामगार, त्याच्याकडे यादी कोण देणार आणि सोनं कुठून येणार?

मी शिडीवरूनच म्हटलं, "डबा रिकामा आहे."

खाली शांतता.

"बर्फ, खडे मीठ, दूध भरलेला पॉट उचलून बघा. माणूस एका अंगाला कलतो, पावलं जड पडतात. हा बघा कसा सुळकन गेला. सोनंबिनं काही नाही त्यात."

"यादीला कुठे वजन असतं, काका?" चष्मेवाला लगेच. पोरगं वकिलीला जायला हवं होतं.

पॉट सापडला. लाकडी बादली, फळ्या वाळून आकसलेल्या, हँडलचा दांडा गंजलेला. म्हटलं, रात्रभर पाणी भरून ठेवा, फळ्या फुगतील, नाहीतर धावता धावता सुट्या होतील. पांढरा रंग तेच देणार होते.

पावती करताना राहवलं नाही, म्हणून सांगितलं. ऑगस्ट 2016 चा पूर. नाशिककर पुराचं पाणी गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. कमरेला लागलं, छातीला लागलं. त्या दिवशी ते मोजायची सोय राहिली नाही. सराफ बाजार, भांडी बाजार, सगळीकडे पाणी. पातेली एकमेकांवर आपटत गल्लीतून चालली होती. मी निघालो, रविवार कारंज्यापाशी पोचलो, आणि कुणीतरी विचारलं, "शेठ, हे काय आणलंत?"

पाच किलोचं लोखंडी वजन. छातीशी धरलेलं. गल्ला दुकानात, उधारीची वही दुकानात, चाव्यासुद्धा दुकानात.

नंतर बाजारात माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं! एक म्हणे, वडिलांची आठवण म्हणून नेलं. एक म्हणे, वजनात घोळ असणार, तपासणीच्या भीतीने आधी तेच हलवलं. समोरचा शेजारी तर त्यात सोनं ओतल्याचं सांगत गल्लीभर फिरला. बायको अजून म्हणते, तुम्हाला माझा फोटोसुद्धा घ्यावासा वाटला नाही.

"मग खरं कारण काय?" मुलीने विचारलं.

"हाताला लागलं."

तिघंही माझ्याकडे असे बघायला लागले की मी काहीतरी लपवतोय.

"आहे का ते अजून?"

काउंटरवरच होतं, रद्दीवर ठेवलेलं. चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी उचललं, उलटं केलं. "खाली हे काय भरलंय?"

"शिसं. वजन बरोबर करायला भोकात ओततात, त्यावर शिक्का मारतात. अशा लोखंडी वजनांना असतं."

पाचशे रुपये अनामत ठेवून, पॉट दोघांत धरून ते निघाले. मी वही मिटत होतो. गल्लीच्या तोंडाशी चष्मेवाल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "पण शिसंच आहे कशावरून?"