ग्रामसभेत बोललेलं लिहून घ्यायला लावायचं

15 ऑगस्ट, रात्री

आज ग्रामसभा झाली, कोरम भरून झाली याचंच मला केवढं बरं वाटलं. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यातला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात, आणि तेवढीपण जमत नाहीत बऱ्याचदा. मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही, म्हणजे हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या लोकांत अख्ख्या गावाचे ठराव होऊन जातात. हे मला कायम खटकत आलंय.

ऐनवेळच्या विषयांत वरच्या आळीतल्या काकू उठल्या. लाइन टाकली म्हणून कागदावर आहे ना, मग नळाला पाणी का नाही, एवढंच सरळ विचारलं. मागून कुणीतरी बोललं, बायकांची सभा वेगळी झाली की, तिथं विचारायचं. इतका राग आला मला! अहो महिलांची सभा आधी घ्यायची असं कायद्यात आहे ते बायकांचं म्हणणं मोठ्या सभेपर्यंत पोचावं म्हणून, त्यांना इथं गप्प बसवायला नाही. पण काकू बसल्याच नाहीत. आवाज कापत होता तरी कुठल्या महिन्यापासून पाणी नाही, किती घरं आहेत, टँकर कधी आला नि कधी नाही, सगळं धडाधड सांगितलं. ऐकताना अंगावर काटा आला.

सरपंच म्हणाले, बघतो, करून घेऊ. आणि लगेच पुढचा विषय. बहुतेक वेळा इथंच संपतं सगळं, माणूस मन मोकळं करून घरी जातो आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, त्याचं एक अक्षर नसतं. म्हणून मी उभी राहिले, ग्रामसेवकांना म्हटलं भाऊसाहेब हे ठरावात घ्या, सूचक काकू, अनुमोदक मी, आणि लिहिलेलं वाचून दाखवा. थोडी कुजबुज झाली पण ग्रामसेवकांनी लिहिलं, वाचलंही. किती दिवसांत काम करणार ते मात्र त्यात आलं नाही, ते राहिलंच.

मला मनापासून वाटतं की ग्रामसभेत बोलण्याइतकंच ते कागदावर येणं महत्त्वाचं. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात तेव्हा लिहिलेलं असलं तरच विचारता येतं की याचं काय झालं. आणि हजेरीच्या सह्या आधी घेऊन ठराव मागाहून भरायचे हा प्रकार किती गावांत चालतो ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळे सही करताना वर काय लिहिलंय ते बघायचंच, कुणी घाई केली तरी.

ओडिशात नियमगिरीला 2013 मध्ये बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. सुप्रीम कोर्टानेच निर्णय त्यांच्यावर सोपवला होता. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसं एकेक करून उठून बोलली, ठराव झाले आणि पुढे खाणीला परवानगी नाकारली गेली. आमचा विषय तर साधा नळाच्या पाण्याचा आहे, तो का नाही सुटणार?

ठरावाची नक्कल मागायचा अर्ज आत्ताच लिहून ठेवलाय. उद्या काकूंची सही घेते आणि ऑफिस उघडलं की देऊन पोच घेते. नाहीच दिली नक्कल तर माहिती अधिकारात मागणार, आणि पुढच्या सभेला वरच्या आळीतल्या सगळ्या बायकांना घेऊन जाणार, काकूंशी तसं बोलणंही झालंय.