ई६३०० ची नोंदवही: रॅम बदलली, अडत होतं बसपाशी

पी३५ मदरबोर्ड, त्यावर इंटेलचा कोअर २ ड्युओ ई६३०० प्रोसेसर. आधी डीडीआर२-५३३ रॅमच्या (मागचा आकडा वेगाचा) दोन स्टिक होत्या, त्या काढून डीडीआर२-८०० ची जोडी बसवली. मशीन चांगलंच तरतरीत होईल अशी खात्री होती. पण सेव्हन-झिप या फाइल आकसवणाऱ्या प्रोग्रामच्या चाचणीचा आकडा थोडासा वर सरकला आणि रेंडरिंगचा वेळ जवळपास होता तिथेच राहिला.

मग कागदावर गणित मांडलं. या प्रोसेसरची एफएसबी (त्याला बाकी मशीनशी जोडणारी डेटाची वाट, म्हणजेच बस) १०६६, म्हणजे मूळ क्लॉक २६६ मेगाहर्ट्झ आणि दर ठोक्याला चार वेळा डेटा. बस ८ बाइट रुंद, त्यामुळे सेकंदाला साधारण ८.५ जीबी. डीडीआर२-५३३ ची एक स्टिक ४.२६ जीबी देते, ड्युअल चॅनेलमध्ये दोन मिळून तेच ८.५. जुनी रॅमच बस काठोकाठ भरत होती! नवी जोडी १२.८ जीबी द्यायला तयार आहे, पण मेमरी कंट्रोलर (रॅमचा कारभार पाहणारा भाग) नॉर्थब्रिजमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असल्याने प्रोसेसरपर्यंत जाणारा प्रत्येक बाइट एफएसबीवरूनच जातो. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४ मध्ये कंट्रोलर प्रोसेसरच्या आत नेला तो याचसाठी. इंटेलने हे २००८ च्या कोअर आय७ मध्ये केलं.

मग थोडा तरी फायदा कुठून आला? लेटन्सीतून, म्हणजे डेटा मागितल्यापासून मिळेपर्यंतच्या थांबण्यातून. रॅमला किती ठोके थांबावं लागतं तो आकडा सीएल. ५३३ वर सीएल४ म्हणजे ४ × ३.७५ = १५ नॅनोसेकंद. ८०० वर सीएल५ म्हणजे ५ × २.५ = १२.५. सीएलचा आकडा मोठा, तरी प्रत्यक्षात थांबणं कमी. नुसता सीएल बघून रॅम निवडणाऱ्यांनी हा गुणाकार जरूर करून बघा. सेव्हन-झिप मोठ्या डिक्शनरीत (आधी येऊन गेलेल्या डेटाच्या साठ्यात) इकडून तिकडे उड्या मारत जुळण्या शोधतं, त्याला हा फरक जाणवतो. रेंडरिंगचं बरंचसं काम प्रोसेसरच्या आतल्या २ एमबी एल२ कॅशमध्येच उरकत असावं.

या आठवड्यातला प्रयोग मला सगळ्यात आवडला. मल्टिप्लायर (एफएसबीच्या क्लॉकला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा) ७ वरून ६ केला आणि एफएसबी २६६ वरून ३११. प्रोसेसर दोन्ही वेळा १.८६ गिगाहर्ट्झच, बस मात्र १०६६ ची १२४४ झाली. एफएसबी-रॅम ४:५ रेशोवर रॅम ७७८ ला आली, म्हणजे आधीपेक्षा जराशी मंदच. तरीही मेमरी कॉपीचा आकडा स्पष्ट वाढला. अडत होतं ते बसपाशी, हे आता गणितापुरतं राहिलं नाही.

एक अडचण आली. एफएसबी ३३३ वर नेल्यावर बोर्डाने स्ट्रॅप (नॉर्थब्रिजच्या वेळांचा तयार संच) आपोआप बदलला, नॉर्थब्रिजचं टीआरडी (रॅममधून वाचताना तो किती ठोके थांबतो ते) सैल झालं आणि लेटन्सीत मिळायला हवा होता तो फायदा बराचसा गेला. बायोसमध्ये टीआरडी हाताने एका पायरीने घट्ट केल्यावर तो परत आला.

सध्या ७ × ४००, रॅम १:१. बस आणि रॅम दोन्ही १२.८ जीबीवर. मेमटेस्ट (रॅमची चाचणी) रात्रभर स्वच्छ गेली, प्राइम९५ चा ब्लेंड (प्रोसेसर आणि रॅमवर एकदम ताण देणारी चाचणी) मात्र तीन तासांनी अडखळला. नॉर्थब्रिजचं व्होल्टेज एक पायरी वाढवून तो पुन्हा लावलाय. इथे क्लॉकही २.८ झालाय, त्यामुळे वाढ नेमकी कशाची हे यातून कळणार नाही. म्हणून पुढच्या नोंदीत ६ × ४०० आणि ७ × ३४३ समोरासमोर, दोन्हीकडे २.४ गिगाहर्ट्झ.