दारातली फाईल

मागच्या महिन्यात शेजारच्या आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुबा मोडला. वय 84, घरात एकट्या. ऑपरेशन झालं, आणि चौथ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंनी नर्सिंग होमची यादी हातात ठेवली. उद्यापर्यंत नाव कळवा म्हणाल्या. आजींची लेक दूर ॲरिझोनात. ती फोनवर रडत म्हणाली, "माझ्याऐवजी तू बघून येशील का?"

आपल्याकडं नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचा दहा-वीस खाटांचा दवाखाना. 1949 च्या कायद्याखाली नोंदलेला, बाळंतपणापासून अपेंडिक्सपर्यंत सगळं होतं तिथं. इथं अमेरिकेत, मी राहते त्या ओहायोत, त्याच शब्दाचा अर्थ वेगळा. ऑपरेशननंतर चालायला शिकायचं असलेली किंवा आता एकट्यानं उठताच येत नाही अशी माणसं तिथं राहतात.

पहिल्याच ठिकाणी दारात, वहीत सही करतात त्या टेबलाजवळ, भिंतीवरच्या खिशात एक जाड फाईल दिसली. वर लिहिलेलं, तपासणी अहवाल. कुणीही घ्या, वाचा. मी उभ्याउभ्याच चाळायला लागले आणि पाऊण तास तिथंच थांबले.

पानाला दोन रकाने. डावीकडं तपासनीसानं काय पाहिलं ते. माणसाचं नाव नाही, नुसता क्रमांक. 'रहिवासी 14' यांनी घंटी वाजवली, चाळीस मिनिटं कुणी आलं नाही. 'रहिवासी 9' यांच्या पाण्याचा पेला खिडकीपाशी, हात पोचत नव्हता. उजवीकडं संस्थेचं उत्तर: काय सुधारणार, कोण बघणार, कोणत्या तारखेपर्यंत. हे तपासनीस राज्य सरकारचे. न सांगता येतात, आणि दोन तपासण्यांमध्ये पंधरा महिन्यांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. 1987 च्या केंद्राच्या कायद्यानं हे बसवलेलं आहे. अहवाल लोकांच्या हाताला लागेल असा ठेवणं बंधनकारक. स्वतःच्या चुका स्वतःच्याच दारात टांगायच्या! मी त्या पेल्याचं वाक्य तीनदा वाचलं. कुणीतरी एका म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत उभं राहून पेला आणि हात यांतलं अंतर बघितलं, आणि ते सरकारी कागदावर लिहिलं.

मेडिकेअरच्या, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या, संकेतस्थळावर प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे असतात. तपासणी, नर्सांची संख्या आणि रुग्णांची प्रकृती, या तीन गोष्टींवरून ते ठरतात. प्रकृतीची बरीचशी माहिती संस्थाच भरून देते, म्हणून मी त्या ताऱ्यांवर फार विसंबले नाही. नर्सांचे तास पगारपत्रकावरून घेतात, तो आकडा जास्त भरवशाचा. त्यातही शनिवार-रविवारचा आकडा वेगळा दिलेला असतो, तो बघायचा. त्या-त्या दिवशी कामावर किती नर्स आहेत तेही भिंतीवर लावावं लागतं.

पाच ताऱ्यांच्या ठिकाणी पियानो होता, ताजी फुलं होती. रविवारी संध्याकाळी परत गेले तेव्हा मधल्या बोळात लघवीचा वास कोंडलेला, तीन दारांवरचे घंटीचे दिवे लागलेले, आणि दिसायला एकच मुलगी, धावपळ करणारी. तीन ताऱ्यांच्या ठिकाणी फरशी जुनी. पण तिथली मदतनीस एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसून, त्यांच्या डोळ्यात बघून विचारत होती, शर्ट कोणता घालायचा. आजींसाठी मी तेच ठिकाण सांगितलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण नाना, माझे वडील, आठवत होते.

गेल्या वर्षी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. अंबाजोगाईच्या घरी दादा-वहिनींनी सगळं केलं. मग वहिनींचंच ऑपरेशन निघालं, म्हणून पाच आठवड्यांसाठी नानांना संभाजीनगरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. निवड कशी केली? दादाच्या मित्राच्या साडूची ओळख होती. तिसऱ्या आठवड्यात दादानं त्यांना कुशीवर वळवलं, तर माकडहाडावर रुपयाएवढा बेडसोर. विचारल्यावर उत्तर मिळालं, "वय झालंय ना." तिथं आधी किती जणांना असं झालं, रात्री किती माणसं असतात, कोण तपासायला येतं? वाचायला एक कागद नव्हता. आपल्याकडच्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात जिल्ह्यागणिक निदान एका वृद्धाश्रमाची सोय आहे, पण ती निराधारांसाठी. महिन्याचे पैसे मोजून नळी लावलेला बाप ठेवायचा तर तक्रार कुठं करायची, हे दादाला कुणी सांगू शकलं नाही.

नानांना घरी आणलं. वहिनींचे टाके अजून ओले होते. तरी त्यांनी कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा ओढल्या: सहाला डावी कूस, आठला उताणे, दहाला उजवी. रात्रीसुद्धा. दोन महिन्यांत जखम भरली. इथल्या नर्सच्या तक्त्यातही तेच दोन तास असतात. आमच्या वहिनी दहावी शिकलेल्या, त्यांना कुणी तपासनीस लागला नाही. इथं कुणी मला सुनावतं की तुमच्याकडं काही यंत्रणाच नाही, तेव्हा मी तो कालनिर्णयचा फोटो दाखवते. आजींच्या तीन लेकरांपैकी एकही त्या आठवड्यात येऊ शकलं नव्हतं, हेही मी बघितलंय.

आणि मीही गेले नव्हते. हवेची गादी पाठवली, रोज साडेसातला व्हिडिओ कॉल केला, सेंटरचे पैसे भरले. नातेवाईक काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. पण मी तिथं असते तरी काय विचारायचं हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ते आत्ता कळलं, इथं राहून, दुसऱ्याच्या आईसाठी फिरताना.

आता परभणीच्या मावशींसाठी जागा बघायची आहे. मी दादाला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं: रविवारी रात्री न कळवता जा. रात्रपाळीला किती जण, ते विचार. खाटेवरून पाण्यापर्यंत हात पोचतो का बघ. पाठीखालची चादर ओली आहे का बघ. घंटी स्वतः वाजवून घड्याळ लाव. भेटायची वेळ ठरावीक असेल तर का, ते विचार.

काल त्याचा आवाजी निरोप आला, मागं मोटारसायकल चालूच होती. "गेल्तो गं. वॉचमन म्हन्ला, उद्या अकराला या, साहेब असतेत, समदं दाखवतेत. आता आत सोडत न्हाईत. मी गेटावरूनच माघारी फिरलो. दुसरं बघू."