शंभर मिली निळा रंग आणि माझे तीन आठवडे

गाडीच्या पुढच्या भागाला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावून घ्यायला मला दोन दिवस लागले. त्याआधी खड्यांनी रंगाला पडलेले टवके भरायला लागणारा, गाडीच्या रंगाच्या कोडप्रमाणे जुळणारा निळा रंग मिळवायला तीन आठवडे. म्हणून हा अनुभव फिल्मबद्दल कमी आणि त्या रंगाबद्दल जास्त आहे, चिडचिड दिसली तर समजून घ्या, अजून गेलेली नाही.

आई वर्ध्याला, मी पुण्यात. दीड-दोन महिन्यांनी एक फेरी असतेच. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हापासून मी पुणे-नगर-संभाजीनगर करून समृद्धीला लागतो आणि येळाकेळीला उतरतो. रस्ता झकास आहे, वाद नाही. पण गाडीचं तोंड दोन ठिकाणी खराब होतं. नगर रोडला खडीचे हायवा, म्हणजे मोठे डंपर, वर ताडपत्री असली तर नशीब, आणि समृद्धीवर किडे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी सातच्या सुमारास मेहकरच्या आसपास असाल तर बंपरवर पिवळा-हिरवा लगदा ठरलेला. त्यात वेग. ८० ऐवजी १२० ने गेलात तर तोच खडा साधारण सव्वादोन पट जोराने बसतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. हे शाळेत शिकलो होतो, समजलं बोनेट बघून.

गेल्या उन्हाळ्यात आई अंगणात गाडीसमोर उभी राहून म्हणाली, "काहून रे, गाडीले देवी आल्या का?" आणि खरंच तसं दिसत होतं. पुण्यात आल्यावर लेकीने प्रत्येक टवक्याशेजारी मास्किंग टेपचा बारका तुकडा लावला, ३७ निघाले. बोनेटवर २२, बाकी बंपरवर. बंपरचे दिसायला वाईट पण ते प्लास्टिक, गंजत नाही. बोनेट मात्र पत्र्याचं, आणि तिथल्या पाच-सहा टवक्यांत चहाच्या डागासारखा गंज धरला होता.

त्याआधी काय काय करून बसलो तेही सांगतो. एक, सिरॅमिक कोटिंग, १४ हजार. चकाकी आली, पाणी छान ओघळायचं, किडेही सहज निघायचे, पण तो थर असतो जेमतेम काही मायक्रॉनचा, त्याने खडा थांबत नाही. करणाऱ्याने मात्र "सर, स्टोन चिप्सपासून पण प्रोटेक्शन" असं ठणकावून सांगितलं होतं. दोन, ऑनलाइन मागवलेला तो काळा रेक्झिनचा मास्क, बोनेटच्या नाकावर बांधायचा. शंभरच्या पुढे तो फडफडायला लागतो, खाली धूळ जाते आणि तीच धूळ रंगावर घासत राहते. दोन ट्रिपांत बोनेटच्या कडेला एक मंद पट्टा उमटला. फेकून दिला.

मग पीपीएफ ठरवलं. जाड पारदर्शक फिल्म असते, चांगली म्हणजे टीपीयूची (रबरासारखं ताणलं जाणारं प्लास्टिक), साधारण १५० ते २०० मायक्रॉन. कंपनीच्या रंगाचे सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांत १००-१५० मायक्रॉनच भरतात, म्हणजे रंगापेक्षा फिल्मच जाड. फिल्मवाल्या मुलाने गाडी बघितली आणि पहिलंच वाक्य, "सर, आधी हे टवके भरून आणा, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात हवा धरेल आणि गंज आत चालूच राहील." बरोबर बोलला. त्याच्याकडे टच-अप होत नव्हतं. "कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला छोटी बाटली मिळते, पाचशेच्या आत काम होईल," म्हणाला.

सर्व्हिस सेंटरला शनिवारी गेलो. पार्ट्सच्या काउंटरवर सांगितलं की बाटली डायरेक्ट देता येत नाही, ॲडव्हायजरकडून रिक्विझिशन आणा. ॲडव्हायजरने टोकन घ्यायला लावलं, चाळीस मिनिटांनी नंबर आला. त्याने बाटलीचं नाव ऐकून न ऐकल्यासारखं केलं, बोनेटभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, टच-अप कशाला, डाग दिसतील. बोनेट-बंपर फुल पेंट करू, इन्शुरन्समध्ये बसवतो, तुम्हाला फक्त फाइल चार्ज."

हे "फक्त फाइल चार्ज" (क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा वाटा) ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांनी इथे जरा थांबा. माझी पॉलिसी चार वर्षं बिनक्लेमची, म्हणजे ४५ टक्के नो क्लेम बोनस (एनसीबी), क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट. पुढच्या वर्षी ५० झाला असता. एक क्लेम टाकला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २० पासून चढायचं (एनसीबी प्रोटेक्टचं ॲड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी, माझ्याकडे नव्हतं). बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, तरीही मी काउंटरवर मोबाइलमध्ये हिशोब केला तर पुढच्या तीन-चार वर्षांत जाणारे पैसे बाहेर रंग करून घेण्याच्या खर्चाच्या जवळ पोचत होते. शिवाय क्लेम फॉर्मवर अपघाताची तारीख-वेळ लागते. माझे ३७ टवके तीन वर्षांत पडलेले, कोणती तारीख टाकू? तर म्हणे, "कुत्रं आडवं आलं लिहा सर, सगळे लिहितात." कुत्र्याने माझ्या बोनेटवर ३७ ठिकाणी चोच मारली का, असं विचारणार होतो. गप्प बसलो.

आणि मुख्य म्हणजे मला कंपनीचा रंग घालवायचा नव्हता. फॅक्टरीत उघड्या सांगाड्यावर रंग होतो आणि तो साधारण १४० डिग्रीला भाजला जातो. बॉडी शॉपमध्ये गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर सगळं असतं, बूथ साठ-सत्तर डिग्रीच्या वर नेता येत नाही. वरून, नव्या रंगावर लगेच फिल्म चालत नाही, महिनाभर सुकू द्यावा लागतो, आणि पुढे कधी फिल्म काढताना बाहेर केलेला रंग सोबत सोलून येण्याचा धोका जास्त. हे सगळं मी त्या ॲडव्हायजरला सांगितलं तर तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी त्याची किडनी मागतोय. शेवटी "ऑर्डर टाकतो, पाच-सहा दिवस" एवढ्यावर सुटका झाली. पैसे ॲडव्हान्स.

सहा दिवस, आठ दिवस, फोन नाही. मी केला तर "ट्रान्झिटमध्ये आहे सर". दहाव्या दिवशी पुन्हा तेच, फक्त आवाज वेगळा. बाराव्या दिवशी ऑफिसमधून हाफ डे टाकून स्वतः गेलो तर बाटली काउंटरच्या मागच्या रॅकवर ठेवलेली! चार दिवसांपासून! माझं नाव लिहिलेलं, शेवटचं अक्षर चुकलेलं. राग गिळून घरी आणली आणि नशिबाने थेट बोनेटला न लावता आधी पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक ठिपका दिला. सावलीत ठीक वाटला. उन्हात गाडी काढली तर सरळसरळ हिरवट. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर रंगाचा कोड असतो (काही गाड्यांत बोनेटखाली), तो आणि बाटलीवरचा कोड ताडून बघितला तर एका अक्षराचा फरक. त्यांनी पुढच्या मॉडेलचा निळा मागवला होता.

परत गेलो. "सर, सील तोडलंय." मी म्हटलं, सील न तोडता रंग दिसतो का? पाऊण तास मॅनेजरची वाट, मग क्रेडिट नोट, "सात वर्किंग डेज". ती क्रेडिट नोट पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळती करून घेतली, तीही आठवण करून द्यावी लागली तेव्हा.

म्हणून सांगतो, कोडचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा आणि जिथे ऑर्डर देताय तिथे तो लिहून, सहीनिशी द्या. तोंडी "निळा, मेटॅलिक" सांगू नका.

सुटका कुणी केली तर आमच्या जुन्या गॅरेजवाल्या मामांनी. म्हणाले, "नाना पेठेत रंगाच्या दुकानात जा ना, कशाला शोरूमच्या नादी लागतो." पेट्रोलच्या टाकीचं बाहेरचं झाकण दोन स्क्रूवर होतं, ते काढून पिशवीत घातलं आणि दुचाकीवर गेलो. दुकानदार काकांनी कोड बघितला, कॉम्प्युटरवर फॉर्म्युला काढला, वजनकाट्यावर थेंब-थेंब करून निळा, पांढरा, चंदेरी मिसळला, मग एका पत्र्याच्या तुकड्यावर मारून, सुकवून, माझ्या झाकणाशेजारी धरून रस्त्यावर उन्हात घेऊन गेले. म्हणाले, "चार वर्षं ऊन खाल्लंय गाडीनं, कोडला थोडा उतरवावा लागेल." दोन थेंब कसले तरी आणखी. पुन्हा उन्हात. जुळला! २५ मिनिटं आणि ३५० रुपये, कफ सिरपच्या बाटलीएवढी बाटली, वर क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) वेगळा. मला तिथेच त्यांना मिठी मारावीशी वाटली.

टवके मीच भरले. गंज होता तिथे टूथपिकला बारीक पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवून तेवढाच खरवडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, प्रायमरचा ठिपका, मग टूथपिकनेच रंग, एकदम खड्डा भरायचा नाही, पातळ दोन-तीन वेळा, मध्ये सुकू द्यायचा. बाटलीसोबत येणारा ब्रश वापरू नका, फार जाड असतो. शेवटी क्लिअर. दोन रविवार गेले. जवळून बघितलं तर दिसतात, चार फुटांवरून नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. त्यावर फिल्म लावायच्या आधी दहा दिवस थांबलो, कारण ओल्या रंगातला थिनर फिल्मखाली अडकला तर फुगे येतात.

फिल्मचं काय सांगू, सुरळीत झालं. बोनेट, बंपर, आरसे आणि हेडलाइट मिळून २८ हजार. रोलचा बॉक्स समोर फोडायला लावा, आणि एक तुकडा मागून ताणून बघा, टीपीयू रबरासारखा ताणला जाऊन परत येतो, पीव्हीसी ताणल्यावर तसाच राहतो आणि पुढे पिवळा पडतो. गाडीवरच ब्लेडने कापणार असतील तर सावध, कडेला रंगावर रेघ उठू शकते, आमच्याकडे मशीनवर आधी कापून आणली होती. सुरुवातीला आत पाण्याचे बारीक फुगे दिसतात, घाबरू नका, ते आठवड्या-दोन आठवड्यांत जातात. आठवडाभर धुवायची नाही.

हां, किड्यांचं राहिलं. वर्ध्याला पोचल्यावर जुना टॉवेल भिजवून बोनेट-बंपरवर पसरतो, दहा-पंधरा मिनिटं, आई तोवर चहा ठेवते, मग तोच टॉवेल हलक्या हाताने ओढून घ्यायचा. कोरडं पुसायचं नाही, भांड्याची घासणी तर मुळीच नाही. सकाळवर टाकायचं नाही, उन्हात वाळले की डाग रंगात उतरतात. आणि हायवा दिसला की एकतर मागे राहा किंवा पटकन पुढे जा, मध्येच त्याच्या मागच्या चाकांच्या रांगेत रेंगाळू नका, फिल्म असली तरी.

बाटलीतला रंग ९० मिली तरी उरला होता. खालच्या मजल्यावरच्या काकांची गाडी तीच, रंग तोच, वर्षही तेच, म्हणून "दोन ठिपक्यांपुरता" घेऊन गेले त्याला आता दीड महिना झाला. जिन्यात भेटले की म्हणतात, देतो देतो.