बाबांच्या पासष्टीची मर्सिडीज

इंदूरला ए.बी. रोडवर फक्त जुन्या जर्मन गाड्या विकणारा एक डीलर आहे. तिथली 2017 ची ई-क्लास बघून बाबा गप्पच झाले. रंग चकाचक, पण मी आधी टायरपाशी उकिडवा बसलो. कडेला ‘3216’ उमटलेलं, म्हणजे 2016 चा 32वा आठवडा. रबराला बारीक भेगा. चारही बदलून घेतले. स्कॅनर लावून गाडीच्या कंप्युटरमधले किलोमीटर मीटरशी ताडले, जुळले. (हे केल्याशिवाय बयाणा देऊ नका.) नंबर दिल्लीचा. तिथे डिझेल गाडीला रस्त्यावर दहाच वर्षं मिळायची, म्हणून अशा गाड्या इकडे यायच्या. फॉर्म 28 ची एनओसी, म्हणजे गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला आरटीओचं ना-हरकत पत्र, हातात पडेपर्यंत उरलेले पैसे दिले नाहीत. घरी आईने ओवाळलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बाबा कितीतरी वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसते बसून होते.